कोकराने खाल्लेलं पाकीट

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी मिरेनच्या गोळ्या कोकराने खाल्ल्या.

कोकराचा त्यात काही दोष नव्हता. आईवेगळं कोकरू ते, बाटलीच्या दुधावर जगणारं आणि दिसेल ते चाखून बघणारं. नाकावर काळा ठिपका होता म्हणून मिरेनच्या थोरलीने, इदोयाने, त्याचं नाव बटण ठेवलं होतं. त्या सकाळी मेंढवाड्यात एकाच वेळी तीन मेंढ्या अडल्या. मिरेनने मेंढ्यांच्या कानात टोचायच्या नंबराच्या बिल्ल्यांचा पत्र्याचा डबा उघडला, तीन बिल्ले काढले आणि झाकण न लावताच ती पळाली. अर्ध्या तासाने हाताचं रक्त पुसत परत आली, तर डबा आडवा पडला होता, बिल्ले भुशात विखुरले होते आणि बटण तोंडातली चांदी चघळत उभं होतं.

"थूक! थूक मेले!" तिने त्याच्या जबड्यात बोटं घातली. चुरगळलेला कागद निघाला, दोन रिकामी भोकं निघाली. सतरा गोळ्या उरल्या होत्या, त्यातली एकही निघाली नाही. आणि ते तिचं शेवटचं पाकीट होतं.

आता कुणी विचारेल की बाईने दिवस न राहण्याच्या गोळ्या मेंढ्यांच्या बिल्ल्यांत ठेवाव्याच का. तर फेलिसाच्या घरात अशी एकही जागा नव्हती, जिथे फेलिसाचं फडकं पोचत नव्हतं. फेलिसा म्हणजे मिरेनची सासू. सगळं खोरं तिला अमुमा, म्हणजे आजी, म्हणायचं. सात बाळंतपणं झालेली, अडुसष्ट वर्षांची, बुटकी, काळ्या झग्यातली बाई. स्वयंपाकघरात येशूच्या आईची तसबीर, तिच्यापुढे बारा महिने दिवा, आणि महिन्यातून दोनदा पाद्री आला की पहिल्या बाकावर फेलिसा. अशा घरात गोळ्यांचं पाकीट गादीखाली ठेवण्यापेक्षा मिरेनला मेंढवाडा बरा वाटला होता. पहाटे पहिल्या बाटल्या पाजून झाल्या की डबा उघडायचा, एक गोळी तोंडात टाकायची, वर थर्मासमधली कॉफी प्यायची. वर्षभरात तिने एक दिवस चुकवला नव्हता.

चुकवून चालणारही नव्हतं. गेल्या वर्षीच्या जानेवारीत धाकटी एदुर्ने झाली ती बर्फाच्या रस्त्यावर. दवाखाना एकशे बारा मैलांवर, तोही शेजारच्या राज्यात. पोर झाली, आणि मग रक्त थांबेना. जोसू एका हाताने गाडी चालवत होता आणि दुसऱ्या हाताने आपला जाडजूड मेंढपाळी कोट तिच्या मांड्यांमध्ये दाबून धरत होता. कोट नंतर जाळावा लागला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "पिशवी फार दुबळी झालीय. निदान तीन वर्षं दिवस राहता कामा नयेत. राहिले तर तुमच्या त्या गावाहून तुम्ही इथवर पोचाल, असं मला वाटत नाही." मिरेनला त्यांच्या बोलण्यापेक्षा जोसूचा चेहरा जास्त आठवायचा. एवढा धिप्पाड माणूस, खुर्चीत पार आक्रसून बसला होता.

सहाच्या ठोक्याला जोसू बाहेरच्या कळपाची रात्रपाळी संपवून आला. मेंढ्या विण्याच्या हंगामात ती दोघं अशीच भेटायची, एक आत येताना आणि एक बाहेर जाताना.

"बटणाने माझ्या गोळ्या खाल्ल्या," मिरेन म्हणाली.

जोसूने तिच्याकडे पाहिलं, मग कोकराकडे पाहिलं, आणि तो खो खो हसत सुटला. "सगळ्या? अगं, मग तिला पुढची चार वर्षं कोकरं व्हायची नाहीत! मेंढी फुकट गेली म्हणायची!"

"हस. हस तू."

तेव्हा त्याचं हसू मावळलं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "दुसरं पाकीट?"

"नाही. आणि चिठ्ठीवर आता दुसरं मिळायचं नाही. चिठ्ठी देणारा डॉक्टर ऑक्टोबरातच गेला गाव सोडून."

"मग आता?"

"मग आता दुपारचं तू मुलींच्या खोलीत झोपायचंस."

दुपारी दोन ते चार फेलिसा मेंढवाडा सांभाळायची, आणि तेवढेच दोन तास नवराबायकोला एका गादीवर मिळायचे. हंगामाचे सहा आठवडे त्या दोन तासांवर ती दोघं तग धरून असायची. बहुतेक वेळा नुसती झोपायचीच, पण पाठीला पाठ लावून झोपायची. जोसूने बटणाला मानेशी हलकेच थोपटलं आणि तो घराकडे गेला.

त्या घरात फोनला रेंज फक्त गवताच्या गंजीवर मिळायची. मिरेन वर चढली आणि तिने दवाखान्याचा नंबर लावला. वारा असा की एका हाताने गठ्ठ्याची दोरी धरून बोलावं लागत होतं. पलीकडची मुलगी गोड आवाजात बोलली. नवीन पेशंट म्हणून नोंद होईल, डॉक्टर तपासतील, मगच गोळ्या. पहिली रिकामी वेळ सत्तावीस एप्रिल.

"सात आठवडे?" मिरेन ओरडली. "मी नवीन नाही हो, बाळंतपणात तुमच्याकडेच होते."

"पण त्या डॉक्टर आता इथे नाहीत, मॅडम. फारच तातडीचं असेल तर इमर्जन्सीत या."

कोकराने गोळ्या खाल्ल्या ही इमर्जन्सी कशी म्हणायची? तिने फोन खिशात घातला आणि गंजीवरून खाली बघितलं. चिखलाचं अंगण, पत्र्याचा लांबलचक मेंढवाडा, त्यापलीकडे राखाडी झुडपांचं माळरान क्षितिजापर्यंत. चारशेच्या वर मेंढ्या, त्यातल्या निम्म्या अजून व्यायच्या. यातल्या कोणत्या मेंढीला कोणत्या आठवड्यात कोकरू व्हावं, हे त्यांच्या घरात ऑक्टोबरातच जेवणाच्या टेबलावर ठरायचं. मेंढा कुठल्या तारखेला सोडायचा, कुणापासून दूर बांधायचा, कुठली मेंढी थकलीय म्हणून तिला यंदा मोकळी ठेवायची. फेलिसा स्वतः बोटावर हिशेब करून सांगायची, "अठ्ठावन्नला यंदा विसावा द्या." आणि सगळे माना डोलवायचे. मिरेनला तेव्हा अठ्ठावन्न नंबरच्या मेंढीचा हेवा वाटला होता.

मंगळवारी गारा पडल्या, बुधवारी चिखल गुडघ्याला लागला. दिवस उजाडल्यापासून मिरेन वाकलेली ती वाकलेलीच. व्यालेल्या मेंढीला कोकरासकट कप्प्यात ढकलायचं, नाळ आयोडीनमध्ये बुडवायची, सड पिळून चीक उतरतोय का बघायचं, मायलेकरांच्या पाठीवर एकच नंबर रंगवायचा. पाणी भरायचं, भुसा टाकायचा, पुढचा कप्पा. तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत आयोडीन जायचं. दुपारी दोन वाजता फेलिसा यायची आणि नेहमीप्रमाणे म्हणायची, "जा, पड जरा." मिरेन घरी जायची, पण त्या रिकाम्या खोलीत जायची नाही. स्वयंपाकघरात उभी राहून दुधाच्या बाटल्या घासायची. धुतलेल्या बाटल्या पुन्हा घासायची. भिंतीपलीकडे जोसू कूस बदलायचा, ते तिला ऐकू यायचं.

बुधवारी तो उठून पाणी प्यायला आला. दाराला टेकून उभा राहिला.

"मिरेन, अगं मी काही मागत नाहीये. नुसती येऊन झोप. तीन दिवस झाले, दुपारी तू डोळ्याला डोळा लावला नाहीस."

"माझा तुझ्यावर विश्वास आहे," ती बाटलीत ब्रश घालत म्हणाली. "माझाच माझ्यावर नाही."

तो हसला, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरुवारी सकाळी तिला एक युक्ती सुचली. गावातल्या औषधाच्या दुकानात ग्लेनिसबाई होत्या. चौतीस मैलांवरचं ते दुकान म्हणजे सगळ्या पंचक्रोशीचं. माणसांची औषधं डावीकडे, जनावरांची उजवीकडे आणि मधे वाढदिवसाची कार्डं. गेल्या हिवाळ्यात रस्ता बंद होता तेव्हा ग्लेनिसबाईंनी फेलिसाच्या रक्तदाबाच्या गोळ्या चिठ्ठी येईपर्यंत आगाऊ दिल्या होत्या. मिरेन पुन्हा गंजीवर चढली.

"ग्लेनिसबाई, मी मिरेन बोलतेय, मेंढवाड्यावरची. एक पाकीट उसनं मिळेल का हो? सत्तावीस एप्रिलला डॉक्टरांची चिठ्ठी आणून देते. तुमची शपथ."

"कसलं पाकीट?"

मिरेनने इकडेतिकडे पाहिलं. गंजीवर कावळाही नव्हता, तरी आवाज खाली गेला. "ते... आमच्या गोळ्या. कोकराने खाल्ल्या."

मग ग्लेनिसबाईंनी अगदी सरळ आवाजात विचारलं, "कोकरू बरं आहे?"

"उड्या मारतंय."

"मग उसनं कशाला घेतेस, बाई? तू इकडे ये. मीच लिहून देते."

"तुम्ही कशा लिहून द्याल? तुम्ही डॉक्टर कुठे आहात?"

"जानेवारीपासून नवा कायदा झालाय या राज्यात. मी शिकून आले, परीक्षा दिली, या वयात. एक फॉर्म भरायचा, रक्तदाब बघायचा, चार प्रश्न. सगळं ठीक असलं तर चिठ्ठीही मीच लिहिणार आणि गोळ्याही मीच देणार. पण तुला स्वतःला यावं लागेल. फोनवर नाही."

मिरेन गंजीवर मटकन बसली. गवत टोचत होतं, वारा कान कापत होता, आणि तिला रडू येत होतं. मग लगेच दुसरी काळजी उभी राहिली. जायचं कसं? भर हंगामात मेंढवाडा सोडून गावात कशाला जायचं म्हणून सांगायचं? जोसू रात्रभर जागलेला. उरली फेलिसा. तिच्यापुढे खोटं बोलायचं म्हणजे तसबिरीपुढे बोलल्यासारखंच होतं.

पण शुक्रवारी सकाळी फेलिसाच दोनऐवजी आठ वाजताच मेंढवाड्यात आली. डोक्याला रुमाल, पायात मुलाचे जुने गमबूट.

"पेनिसिलिन संपलंय," ती म्हणाली.

"संपलं? फ्रिजमध्ये काल दोन बाटल्या होत्या ना, अमुमा?"

"मी सांगतेय ना संपलंय. सत्तावीस नंबरच्या कासेला सूज आहे. तू गावात जाऊन घेऊन ये. मुलींना मी माझ्याजवळ ठेवते."

"तुम्ही एकट्या? आज वीस तरी व्यायच्या आहेत."

"मी या मेंढवाड्यात होते तेव्हा तुझ्या आईचं लग्न व्हायचं होतं," फेलिसा म्हणाली आणि तिने बाह्या वर केल्या. "जा. आणि घाईने परत येऊ नकोस. रस्त्यावर चिखल आहे."

मिरेन गेली. चौतीस मैल ती पुटपुटत होती, देवाने पेनिसिलिन संपवलं, देवाने पेनिसिलिन संपवलं. देवाला या कामात ओढावं की नाही याचा तिला नीट निर्णय करता येत नव्हता, पण आभार तर कुणाचेतरी मानायलाच हवे होते.

दुकानात काउंटरपाशी डेलबर्ट उभा होता. खोऱ्याच्या वरच्या अंगाचा मेंढ्यावाला, साठीचा, सहा फुटी, सगळं आयुष्य वाऱ्यात ओरडून बोलल्यामुळे घरातही ओरडूनच बोलणारा. "काय मिरेन! किती व्याल्या? आमच्या दोनशे झाल्या! तू इकडे कशी? कोण आजारी?"

मिरेनच्या अंगावर शेणमातीचा कोट, केसांत गवत. ती म्हणाली, "पेनिसिलिन." आणि कानापर्यंत लाल झाली.

ग्लेनिसबाई पांढऱ्या कोटात बाहेर आल्या. पन्नाशी उलटलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात. "डेलबर्ट, तुझं जंताचं औषध तिकडे उजवीकडे. डबे वाचून बघ, सावकाश." आणि त्यांनी मिरेनला दंडाला धरून मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथे एक पडदा होता, एक खुर्ची होती आणि फॉर्म अडकवलेली पाटी.

मिरेनने फॉर्म भरायला घेतला. धूम्रपान, नाही. डोकेदुखी, नाही. पायात रक्ताच्या गाठी, नाही. एका ओळीवर तिचं पेन थांबलं.

"हे 'गेल्या सहा आठवड्यांत बाळंतपण' म्हणजे... माझं, ना?"

"मग आणखी कुणाचं?"

"नाही, मी आपलं विचारलं. गेल्या तीन आठवड्यांत दोनशे चौदा झालीयत."

ग्लेनिसबाई पडद्याआड तोंडावर हात धरून हसल्या. मग त्यांनी फॉर्मवरून नजर न काढताच विचारलं, "आणि सोमवारपासून नवऱ्याजवळ?"

"नाही. मुलींच्या खोलीत धाडलाय त्याला."

"बरं केलंस." त्यांनी तेही लिहिलं. असला प्रश्न मान वर न करता विचारल्याबद्दल मिरेनला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

मग त्यांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. चष्मा नाकावर चढवून आकडा बघितला.

"एकशे बावन्न, शहाण्णव."

"म्हणजे?"

"म्हणजे या आकड्यावर मी तुला या गोळ्या देऊ शकत नाही."

एवढं सगळं करून, चौतीस मैल येऊन. "ग्लेनिसबाई, मला कधीच नव्हता हो रक्तदाब. कधीच नाही."

"दुसरी एक गोळी आहे, तिला हा आकडा चालतो. पण ती रोज घड्याळाच्या काट्यावर घ्यावी लागते. तीन तास इकडेतिकडे झाले तरी भरवसा नाही. मेंढी अडलेली असताना तुला काटा दिसेल?"

मिरेनने नकारार्थी मान हलवली.

"कॉफी किती झाली आज?"

"चार... पाच कप."

"झोप?"

"होते की. तीनेक तास."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

ग्लेनिसबाईंनी पट्टा सोडला. "असा घेतलेला आकडा खरा नसतो. इथे बस. पाय खाली सोड, पाठ टेक, बोलू नकोस. वीस मिनिटांनी पुन्हा बघू."

"वीस मिनिटं? अहो, तिकडे अमुमा एकटी..."

"बस म्हटलं ना."

मिरेन बसली. खुर्ची साधीच होती, पण तिला हात होते आणि मागे ऊब देणारा रेडिएटर होता. जनावरांच्या मलमाचा आणि कापराचा वास येत होता. महिन्याभरात तिला कुणी नुसतं बस म्हणून सांगितलं नव्हतं. जा म्हटलं होतं, पड म्हटलं होतं, पण बसून राहा आणि काहीच करू नकोस, असं नाही. तिने पाठ टेकली. कप्पे मोजावेत तसे पडद्यावरचे पट्टे मोजायला लागली आणि नवव्या पट्ट्याला तिचा डोळा लागला.

जाग आली ती कुणाच्या तरी खुसफुशीने. पडद्यापलीकडे डेलबर्ट होता, आणि हयातीत पहिल्यांदा तो कुजबुजत होता. "हा मोठा डबा की लहान, ग्लेनिस? ...नाही नाही, मी थांबतो. झोपू दे पोरीला." भिंतीवरच्या घड्याळात पाऊण तास गेला होता. मिरेनच्या अंगावर ग्लेनिसबाईंचा लोकरी स्वेटर होता.

या वेळी पट्टा फुगला, सैल झाला, आणि ग्लेनिसबाईंनी आकडा तिच्यापुढेच धरला. एकशे अठरा, शहात्तर.

"हा तुझा," त्या म्हणाल्या. "तो मघाचा हंगामाचा होता."

मिरेन हसायला गेली आणि हमसून हमसून रडली. ग्लेनिसबाईंनी कागद पुढे ओढून स्वतःची सही केली. सही करताना त्या थोड्या ताठ बसल्या, हे मिरेनला दिसलं.

"सव्वीस वर्षं मी या काउंटरमागून बायकांना परत पाठवत आले," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "गोळ्या माझ्या मागच्या फळीवर, बाई माझ्या समोर, आणि मी सांगायचं, डॉक्टरची चिठ्ठी आण. माझ्याआधी माझे वडील सांगायचे. त्यातल्या कितीतरी नंतर आल्या त्या दुपटी घ्यायला." त्यांनी तीन पाकिटं पिशवीत घातली. "आजपासूनच सुरू कर. पण सात दिवस अजून जपायचं, काय? नवऱ्याला सांग. पंधरवड्याने येऊन आकडा पुन्हा दाखव. आणि सावकाश डॉक्टरांनाही भेट, ते काही सुटलेलं नाही."

"मी तुमचे उपकार कसे..."

"उपकार कसले. कोकरापासून लांब ठेव म्हणजे झालं."

डेलबर्टने तिच्यासाठी दार उघडून धरलं. त्याने टोपी काढली होती. काय ऐकलं, काय नाही, कोण जाणे. "फेलिसाला माझा नमस्कार सांग," तो हळूच म्हणाला, आणि मिरेनला तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा आवडला.

परतीच्या वाटेवर ती गाणं म्हणत होती. कुंपणाच्या फाटकापाशी आली, गाडी थांबवली, पिशवीत हात घातला आणि तिला आठवलं. पेनिसिलिन आणायचं राहिलं होतं.

परत फिरायला वेळ नव्हता. ती पाकिटं कोटाच्या आतल्या खिशात दडवून मेंढवाड्यात शिरली. फेलिसा गुडघ्यांवर बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत मेंढीच्या आत. कपाळावर घाम, रुमाल मानेवर घसरलेला. इदोया बाजूला टॉवेल धरून उभी, एदुर्ने भुशाच्या पोत्यावर झोपलेली.

"आलीस? डोकं धर हिचं," फेलिसा म्हणाली.

मिरेनने मेंढीचं डोकं मांडीत दाबलं. फेलिसाने आत वळलेला पाय हळूहळू सरळ केला, ओढला, आणि कोकरू पिवळ्या चिकट पाण्यासकट भुशावर सटकलं. तिने त्याच्या नाकातली बुळबुळ बोटाने काढली, काडीने नाकपुडीला गुदगुल्या केल्या. ते शिंकलं. दोघींनी एकाच वेळी श्वास सोडला.

"सकाळपासून अकरा," फेलिसा हात धुताना म्हणाली. "सत्तावीसचं मेलेलं निघालं. मी त्याचं कातडं सोलून बटणाला घातलं. बघ जा."

मिरेनने कप्प्यात पाहिलं. बटण दुसऱ्या कोकराचा कोट घालून उभं होतं, बाह्या सैल, शेपटीपाशी लोंबतं. सत्तावीस नंबरची मेंढी ते कातडं हुंगत होती, आपल्याच पिल्लाचा वास शोधत, पुन्हा पुन्हा. मग तिने मान वळवली आणि बटणाला दूध पिऊ दिलं. बटणाची शेपटी लटलट हलायला लागली.

"आणि पेनिसिलिन?" फेलिसाने पाठीमागून विचारलं.

मिरेन वळली. तिने विचार केला होता, बाटली फुटली म्हणून सांगू, दुकानात संपलं म्हणून सांगू. फेलिसाच्या डोळ्यांपुढे त्यातलं एकही जमेना. "राहिलं," ती म्हणाली. "विसरले मी, अमुमा."

फेलिसाने झग्याच्या खिशात हात घातला आणि एक भरलेली बाटली काढली. दुसऱ्या खिशातून दुसरी. दोन्ही फळीवर ठेवल्या. मग अजून काहीतरी काढलं, फडक्यात गुंडाळलेलं. चांदीच्या कागदाचे चावलेले तुकडे होते ते, एकूण एक वेचलेले.

"सोमवारी झाडताना सापडले," ती म्हणाली. "म्हटलं, दुसऱ्या कोकरांनी गिळले तर आतडं अडकायचं."

मिरेनने ते तुकडे हातात घेतले. "तुम्हाला... दुकानात मिळतात हे कसं कळलं?"

"पाद्रीबाबांनी सांगितलं. जानेवारीत प्रवचनात अर्धा तास ओरडत होते. औषधवालीच आता गोळ्या वाटतेय, चिठ्ठीपिठ्ठी काही नाही, नवं पाप आलंय गावात म्हणून." फेलिसा हात पुसत राहिली. "ते बोलले नसते तर मला कसं कळणार? मी त्या दिवशी दानपेटीत जास्तीचे टाकले."

मिरेनला हसू फुटलं, आणि फेलिसा हसत नव्हती म्हणून ते अर्ध्यात थांबलं.

"मी गेले होते त्याच दुकानात," फेलिसा म्हणाली. "सहावी झाल्यावर. तुझ्या सासऱ्यांना न सांगता, मेंढ्यांच्या गाडीत बसून. ग्लेनिसचा बाप म्हणाला, चिठ्ठी आण. डॉक्टर म्हणाला, नवऱ्याला आण. मग मी घरी आले. मग जोसू झाला." तिने घराकडे पाहिलं, जिथे जोसू झोपला होता. "जोसू आला, त्याचं मला कधी दुःख झालं नाही. देवाला माहीत आहे. पण मी उभं राहून म्हटलं होतं, आता नको. आणि कुणी ऐकलं नव्हतं."

मिरेन पुढे झाली आणि तिने त्या बुटक्या बाईला मिठी मारली. रक्त, आयोडीन, चीक, सगळं दोघींच्या अंगाला लागलं. फेलिसाला मिठीची सवय नव्हती. तिने सुनेच्या पाठीवर दोन थापा मारल्या, व्यालेल्या मेंढीला माराव्यात तशा, आणि ती मिठीतून सुटली.

"आण तो डबा," ती म्हणाली.

तिने स्वतः हातोडी घेतली. दूध पाजायचं स्टूल ओढलं, त्यावर चढली, टाचा उंचावल्या आणि खांबाच्या वरच्या अंगाला भला मोठा खिळा ठोकला. बिल्ल्यांचा रिकामा डबा दोरीने त्याला टांगला. खाली उतरून तिने मान वर करून बघितलं.

"बटणाची आजी झाली तरी पोचायची नाही," ती म्हणाली.

"पण तुम्हीही पोचायच्या नाहीत, अमुमा."

"मला कशाला पोचायला हवं? माझं फडकं घरात फिरतं." आणि तिने कोपऱ्यातला थर्मास उचलून झाकणात कॉफी ओतली. मिरेनचे तांबारलेले डोळे बघून थबकली. कॉफी परत थर्मासमध्ये ओतली, बादलीपाशी गेली आणि झाकण पाण्याने भरून आणलं.

मिरेनने पाकीट उघडलं. पहिली गोळी तळहातावर घेतली. फेलिसा तिच्याकडे पाहत नव्हती, कप्प्यातल्या मेंढीकडे पाहत होती, पण पाण्याचं झाकण तिने सुनेच्या हातात दिलं आणि रिकामं होऊन परत येईपर्यंत हात पुढेच धरला.

"घेतलीस?"

"घेतली."

"बरं. मग चल, अठराला कळा लागल्यात."

त्यानंतर रोज सकाळी, पहिल्या बाटल्या पाजून झाल्या की, फेलिसा घरातून मेंढवाड्यापर्यंत चिखल तुडवत येते. तिच्या हातात पाण्याचा पेला असतो. घेतलीस का एवढंच ती विचारते, आणि उत्तर ऐकून परत जाते.